सांबाराचं पाणी

बुधवार उजाडला की माझा चहा अर्धाच राहायचा. पंधरा वर्षं राहिला. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, तरी बुधवारी सकाळी मी तशीच कप ठेवून उठते आणि मग आठवतं, अगं बाई, आज कोर्ट नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला होता, "ताई, अमेरिकेत जज होतात, खून-दरोड्याचं काहीतरी सणसणीत लिहा की." तर आधीच सांगून टाकते, खून माझ्या वाटेला आला नाही, आणि देवदयेने म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण बरंच झालं म्हणायचं. मी न्यू जर्सीतल्या एका गावाची म्युनिसिपल जज होते. गावाचं नाव लिहीत नाही, एडिसनपासून वीस मिनिटांवर आहे एवढं पुरे. म्युनिसिपल कोर्ट ही इथल्या न्यायाची सगळ्यात खालची पायरी. सिग्नल तोडला, कुत्रा मोकळा सोडला, शेजाऱ्याला शिव्या दिल्या, दुकानातून काही उचललं, असले गुन्हे. कोर्ट आठवड्यातून एक दिवस. बाकीचे दिवस मी घरखरेदीचे कागद आणि मृत्युपत्रं करणारी साधी वकील. नेमणूक तीन वर्षांची, ती करणार मेयर, आणि तीन वर्षं झाल्यावर बाईंना ठेवायचं की नारळ द्यायचा हेही मेयरच ठरवणार.

लोकांना वाटतं काळा झगा घालून उंचावर बसलं की भीती जाते. कसली जाते! खाली उभ्या माणसाला फक्त स्वतःची केस असते. मला एका सकाळी चाळीस. त्यातली एक चुकली तर त्याचं आयुष्य वाकडं होणार, आणि कोणती चुकली ते मला त्या दिवशी कळणारही नाही.

एकदा एक काका वेगाच्या तिकिटासाठी आले आणि सरळ माझ्या टेबलावर खोका ठेवला. पोलीस धावला. मला वाटलं आता काही खरं नाही. खोक्यात पेढे! त्या दिवशी त्यांना नात झाली होती. "मॅडम, फर्स्ट यू टेक," म्हणाले. भरल्या कोर्टात जजला पेढा! मी एवढ्या जोरात "नो!" म्हणाले की ते काका बिचारे दचकले. सगळं रेकॉर्डवर आहे. त्यानंतर महिनाभर मला धास्ती, कोणी म्हणेल जेकबबाई लाच घेते.

हो, माझं आडनाव जेकब. नवरा केरळचा. त्यामुळे मी मराठी आहे हे कोणाच्या स्वप्नातही यायचं नाही, आणि मीही कोणाला सांगत नव्हते. जजनं ज्यांच्या केसेस आपल्यापुढे येऊ शकतात त्यांच्यात फार मिसळू नये, असा दंडक आहे. मी तो जरा जास्तच पाळला. मंडळाच्या गणपतीला गेले नाही, कोजागिरीला नाही. मराठी फक्त घरात, आणि तीही एकटीच बोलायचे, कारण जेकबला येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, येताना सांबार आण. आमच्या नागपुराकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हा पठ्ठ्या उडप्याकडून डबाभर सांबार घेऊन आला, आणि मी पोह्यांवर काय घालू म्हणून बसले. तेव्हापासून आमच्या घरात दोन सांबार आहेत, हिरवा आणि पातळ.

माझे बाबा नागपूरच्या कोर्टात रीडर होते. रीडर म्हणजे जजच्या पुढ्यात बसून एकेक कागद त्याच्या हातात देणारा कारकून. लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायची, तेव्हा पॅसेजमधला लाकडी फळा वाचायची. त्यावर आजवरच्या जजांची नावं होती, वरची सगळी इंग्रज. बाबांना त्यांच्या आधीच्या रीडरनं त्यातल्या एका साहेबाची गोष्ट सांगितली होती. विलायतेहून वकील म्हणून आला, जज झाला, सारी हयात आपल्याकडे काढली, पण भाषा शिकला नाही. आरोपी रडत रडत पाच मिनिटं सांगायचा, दुभाषी म्हणायचा, "नाही म्हणतो, सर." साहेब तेवढंच लिहून घ्यायचा आणि शिक्षा सुनवायचा.

मी खो खो हसले होते. बाबा हसले नाहीत. "हसू नको," म्हणाले, "त्या साहेबाले झोप तरी लागत असन. त्याले काही कळतच नव्हतं."

माझं उलटं होतं. मला कळत होतं, आणि कळतं असं दाखवायची सोय नव्हती. कोर्टात माणूस मराठीत काहीही बोलो, रेकॉर्डवर जातं ते दुभाष्याचं इंग्रजी. जजनं मध्येच "नाही हो, त्या असं नाही म्हणाल्या" असं तोंड उघडलं तर जजच साक्षीदार होऊन बसते, आणि मग ती केस तिच्याकडे राहत नाही.

पण माझ्या हातून पहिली मोठी चूक झाली ती दुभाषी नसताना. जज होऊन वर्षही झालं नव्हतं. खानदेशातले एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे, कंपनीच्या व्हिसावर आलेले. नाव सांगत नाही. कचऱ्याच्या दिवशी इथं लोक जुनं सामान रस्त्याच्या कडेला ठेवतात, आणि नवा आलेला माणूस त्यातून घर लावतो. आपल्यातल्या किती जणांचा पहिला सोफा रस्त्याच्या कडेचा आहे? खोटं बोलू नका! तर या गृहस्थांनी कडेला उभी असलेली लहान मुलांची सायकल मुलीसाठी उचलली. ती टाकलेली नव्हती. मालकानं पोलीस बोलावले. चोरीचा आरोप.

इंग्रजी येतं, दुभाषी नको, म्हणाले. वकीलही नको. मी विचारलं, काय झालं? ते हात जोडून म्हणाले, "माय मिस्टेक, मॅडम. मिस्टेक इज माइन ओन्ली."

मला त्या इंग्रजीच्या खालचं मराठी स्वच्छ ऐकू आलं. माझं चुकलं. आता 'माझं चुकलं' आपण कधी म्हणतो? बायको रुसली की म्हणतो. पाहुण्यानं भाजी टाकली तरी म्हणतो. वाद नको, जाऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या कोर्टात त्याचा अर्थ होतो, गुन्हा कबूल. तुम्हाला ती सायकल टाकून दिलेली वाटली का, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर केस तिथंच वेगळी झाली असती. पण उशीर झाला होता, मागं तीस जण ताटकळत होते, आणि खरं सांगू? मला भीती होती की आपल्या माणसाला मी हात देतेय असं कोणाला वाटेल. तुम्ही नागरिक नसाल तर या कबुलीचा व्हिसावर परिणाम होऊ शकतो, हे ठरलेलं वाक्य मी भराभर वाचलं आणि कबुली मान्य केली. चार मिनिटं लागली. ते मला "थँक यू" म्हणून गेले.

दोन वर्षांनी एडिसनच्या एका दुकानात मी कढीपत्ता घेऊन रांगेत उभी होते. मागं दोन बायका मराठीत बोलत होत्या.

"त्या सायकलवाल्यांचं कळलं का गं? वडील गेले म्हणून इंडियात गेले, तर व्हिसाच नाही दिला परत. चोरीची केस म्हणे."

"सायकल? कचऱ्यातली?"

"हो ना! त्या जजबाईनं दोन मिनिटांत गिल्टी करून टाकलं. इकडे बायको-मुलगी चार महिने अडकली, मग गेली सगळं विकून. मुलीचं शाळेचं वर्ष गेलं यार."

दोन नाही, चार मिनिटं, असं माझ्या मनात आलं. लाज वाटली मला त्या विचाराची. मी मागं वळले नाही. वळून काय सांगणार होते?

आता कौसल्याबाईंची गोष्ट. त्यासाठीच लिहायला बसलेय.

त्या वर्षी मेयरच्या ऑफिसात एक निनावी पत्र आलं होतं, जेकबबाई आपल्या देशवाल्यांना सोडते म्हणून. चौकशी वगैरे काही झाली नाही, पण मेयरनं मला पत्राची कॉपी दिली आणि "जस्ट सो यू नो" म्हणाला. माझी तीन वर्षं त्याच हिवाळ्यात संपत होती. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. फेकून द्यायचं सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

कौसल्याबाई आमच्या नागपूरजवळच्या, उमरेडकडच्या. अंगणवाडीत सेविका होत्या, निवृत्त झालेल्या. सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आरोप दुकानातून वस्तू लपवून नेल्याचा. वस्तू म्हणजे तान्ह्या बाळाचे पांढरे मोजे, एक जोड. सरकारी वकील डेनिस, तसा सज्जन माणूस, त्यानं सांगितलं होतं की गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा आणि घरी जा. मुलगा प्रशांत तेवढ्यावर तयार होता. वकील नको, तारीख नको. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला भरवलं होतं की केस लांबली तर बोभाटा वाढतो.

दुभाषी पडद्यावर होती. रिया, टेक्सासमधल्या फ्रिस्कोतून बोलत होती. इथंच जन्मलेली, आजीकडून मराठी शिकलेली, गोड पोरगी. कौसल्याबाई पुढं आल्या, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "जयभीम."

"शी सेज हॅलो," रिया म्हणाली.

माझे हात टेबलाखाली आपोआप जुळले होते. मी ते वर आणले नाहीत.

शपथेच्या वेळी बाई म्हणाल्या, देवाची नाही घेत, खरं सांगीन म्हणते, चालन का? चालतं, इथल्या कायद्यात तशी सोय आहे. मग मी ते व्हिसाचं वाक्य वाचलं, आता एकेक शब्द सावकाश. रियानं सांगितलं. कौसल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"म्हणजे मले नातवाले भेटाले येता येणार नाही का?"

मी म्हटलं, तशी शक्यता आहे. कायद्यात लहान गुन्ह्याला थोडी सवलत आहे, पण व्हिसाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला ती आठवेलच असं नाही. हे पुढचं मी मनातच म्हटलं. ते मला चांगलंच माहीत होतं.

"आई, काही नाही होत गं, हो म्हण," प्रशांत मागून म्हणाला. पोलिसानं त्याला गप्प केलं.

"पोरगा म्हणते तं हो," बाई म्हणाल्या.

कबुली घेताना आरोपीनं काय केलं ते त्याच्याच तोंडून यावं लागतं. मी विचारलं, तुम्ही काय केलंत?

"मोजे रुमालात झाकून थैल्यात ठेवले."

"आय हिड द सॉक्स इन अ हँकी अँड पुट देम इन माय बॅग," रिया म्हणाली. हिड! लपवले! डेनिसनं कागदावर खूण केली. लपवणं हाच तर गुन्हा, तो सिद्ध झाला. आता मी फक्त 'मान्य' म्हणायचं बाकी होतं. झाकणं म्हणजे लपवणं नव्हे, हो! आपण दूध झाकतो, पोळ्या झाकतो. पण हे मी कोणाला सांगणार?

मला ती सायकल दिसायला लागली. मी विचारलं, "कशासाठी?"

हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. वकिलीत पहिला धडा असतो, उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न विचारू नये. त्यांनी भलतंच काही सांगितलं असतं तर मीच त्यांना खड्ड्यात घातलं असतं.

"सांबाराचं पाणी लागन म्हून, बाई. पांढरे मोजे, बारक्या लेकराचे."

रिया म्हणाली, "सो दॅट द सांबार वुडन्ट स्पिल ऑन देम. सांबार इज अ लेंटिल सूप, युवर ऑनर."

कोर्टात कोणीतरी फिसकन हसलं. डेनिसनं पोलिसांचा रिपोर्ट उलटापालटा केला. "सूप? पिशवीत सूप असल्याचं रिपोर्टमध्ये कुठंच नाहीये, जज." तो वाईटपणानं म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा बदलला. एक मिनिटापूर्वी त्याच्यापुढे गोंधळलेली म्हातारी होती, आता थाप मारणारी म्हातारी होती.

त्या सबंध खोलीत, फ्रिस्कोतल्या पडद्यासकट, सांबार म्हणजे काय ते ठाऊक असलेली माणसं तीन. एक आरोपी. दुसरा तिचा मुलगा, त्याला बोलायला बंदी. तिसरी मी. सांगितलं तर मी साक्षीदार, केस माझ्याकडून जाणार, पर्समधलं पत्र खरं ठरणार. नाही सांगितलं तर मी तो फळ्यावरचा साहेब, आणि मला तर झोपही लागणार नव्हती.

मग सुचलं. सांगायचं नाही, विचारायचं. मी रियाला म्हटलं, "प्लीज त्यांना विचार, सांबार दिसतो कसा, आणि त्यांनी तो कुठून घेतला? तो शब्द तसाच ठेव."

रियानं विचारलं. कौसल्याबाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"अव माय, सांबार कसा दिसते म्हणजे? हिरवा दिसते! दोन जुड्या घेतल्या ना त्याच दुकानातून. पाणी मारून ठेवतेत ते, निथळून राह्यला होता."

रियाच्या तोंडावर हात गेला. "युवर ऑनर, दुभाष्याला दुरुस्ती करायची आहे. आय थिंक शी मीन्स सिलँट्रो. कोथिंबीर."

डेनिसनं पावतीची कॉपी काढली. दूध, आणि सिलँट्रो, दोन. मग मी रियाला विचारलं, 'हिड' म्हणालीस त्या मूळ शब्दाचा आणखी काही अर्थ होतो का? ती हळूच म्हणाली, "कव्हर्ड. लाइक, यू कव्हर फूड. आय ॲम सो सॉरी, जज."

पुढचं सगळं बाईंनी न विचारताच सांगून टाकलं. दुकानात फिरताना घरून आणलेल्या पिशवीतच सामान भरलं, उमरेडच्या बाजारात भरतात तसं. काउंटरवर दूध आणि कोथिंबीर काढून दाखवली, तेवढ्यात प्रशांतचा फोन आला, आई लवकर ये, गाडी लावायला जागा नाही. रुमालातले मोजे तळाशी राहिले. प्रशांत मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

मी कबुली फेटाळली, त्यांना सरकारतर्फे वकील दिला आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख लावली. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझ्या डॉक्टरला विचारा. डेनिसनं दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात बाई ते मोजे तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या, मग रुमाल झटकून त्यात नीट घडी घातली. त्यानं केस मागं घेतली. तारखेला मी म्हटलं, तुम्ही जाऊ शकता, तुमच्यावर काही नाही.

कौसल्याबाई वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, मोठ्यानंच, "बाई चांगली आहे रे. बिचारीले मराठी येत नाही, पण इचारून तरी घेतलं."

कोर्टात जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, हे रियाचं काम. "शी सेज यू आर काइंड, युवर ऑनर. अनफॉर्च्युनेटली यू डोन्ट नो मराठी."

"थँक यू," मी म्हटलं. "नेक्स्ट केस."

मेयरनं मला त्या हिवाळ्यात पुन्हा नेमलं. पत्र मी फाडून टाकलं, नेमणूक हातात आल्यावर. आधी नाही. शूरपणाच्या गोष्टी मला सांगता येत नाहीत.

गेल्या महिन्यात ओक ट्री रोडवरच्या दुकानात भाजी घेत होते. समोर कोथिंबिरीच्या जुड्या झटकत कौसल्याबाई उभ्या. दुसऱ्या नातवासाठी आल्या होत्या, व्हिसा मिळाला होता. खांद्याला तीच कापडी पिशवी, मोकळी, आणि हातात दुकानाची बास्केट. आता मी जज नव्हते, मला कोणाची चोरी नव्हती. मी जवळ गेले, हात जोडले आणि म्हटलं, "जयभीम, कौसल्याबाई."

त्यांनी निरखून पाहिलं. "जयभीम. अव बाप्पा! कोर्टातल्या बाई ना तुम्ही? तुम्हाले मराठी येते?"

"येते. नागपूरची आहे मी, इंदोऱ्याची."

"इंदोऱ्याच्या! मंग तवा लपवलं काऊन?"

"लपवलं नव्हतं हो," मी म्हटलं, "झाकून ठेवलं होतं."

त्या खदखदून हसल्या. माझ्या दंडावर एक चापट मारली. मग जुडीचं पाणी झटकता झटकता म्हणाल्या, "पण झाकलेलं जेवाच्या टायमाले उघडा लागते, बाई. माणूस उपाशी उठून गेला अन् मंग उघडलं, तं काय कामाचं? त्याले लपवलंच म्हणतेत."

त्या गमतीनंच बोलत होत्या. त्या सायकलवाल्या गृहस्थांबद्दल त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. मला मात्र ते हात जोडून उभे दिसले, मागं तीस जण, आणि मी भराभर वाचतेय.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"अव, त्यात काय!" कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं मी आपलं नेहमीसारखंच म्हणतेय. मी ते इथल्या कोर्टातल्या अर्थानं म्हणाले होते.